घोड्याची चंदी

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एका बिस्किटावरून तंटा झाला. नागपुरास शिकणारी माझी मुलगी सुटीला येताना ओटचे पाकीट घेऊन आली. "बाबा, आजीला आता चकली चावत नाही, अनारसाही चावत नाही. तिच्यासाठी मऊ बिस्किटे करू," म्हणाली. आणि पुढे भोळेपणाने, "विलायतेत हे घोडेही खातात गं, आजी!"

झाले! आईने पाकीट सरकवून दिले. "माझे आजोबा साहेबाचे मोतद्दार. घोड्याची चंदी मोजून मिळे, घरातल्या पोरांना आंबील. सणाच्या ताटात घोड्याचा दाणा नको."

मला हसू आले नाही. शाळेत इतिहास शिकवणारा मी. घरातला इतिहास असा अंगावर आला की मास्तरकी आठवत नाही.

आमच्या सिरोंच्यात साहेब आले ते 1860 साली निजामाशी झालेल्या तहानंतर. गोदावरीतून बोटी चालवून वऱ्हाडचा कापूस समुद्राला न्यावा, असा सर आर्थर कॉटन यांचा बेत होता. आमचे गाव अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. नदीतल्या खडकांपुढे बेत टिकला नाही. 1871 मध्ये काम थांबले आणि 1874 मध्ये जिल्हाही मोडून चांद्याला जोडला गेला. साहेब मात्र राहिले, आणि त्यांचे घोडेही.

आता ओटचे पाहा. डॉ. जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या शब्दकोशात हे धान्य इंग्लंडात घोड्यांना घालतात, पण स्कॉटलंडात माणसे त्यावर जगतात, अशी थट्टा केली. तिथल्या बायका ओटच्या पिठाची पोळी लोखंडी तव्यावर भाजत. म्हणजे आपली भाकरीच की! अमेरिकेत तेच पीठ लोणी-साखरेत मळून भट्टीत गेले. फॅनी फार्मर बाईंच्या 1896 च्या पाकपुस्तकात ओटच्या बिस्किटांची कृती आहे. त्यांना तिकडे कुकी म्हणतात. शब्द मूळचा डच, अर्थ लहानसा केक. गंमत अशी की आपल्या नानकटाईची कथाही डचांपाशीच जाते. सुरतेच्या त्यांच्या वखारीतल्या भट्ट्या पुढे पारशी दोटीवाल्यांकडे आल्या आणि तिथे ती घडली, असे सुरतकर सांगतात. दिवाळीच्या आधी रवा-मैदा-तूप घेऊन बेकरीपुढे रांग लावणाऱ्या आपल्या आया-बहिणींना ठाऊक नव्हते, की या रांगेचे एक टोक हॉलंडात आहे!

पण आईचे समाधान यातल्या कशाने व्हावे? मग मला एक गोष्ट सुचली. "आई, इकडे घोड्याला चंदी कसली घालत?"

"हरभऱ्याची. दुसरी कसली?"

"आणि बेसनाचे लाडू कशाचे?"

ती गप्प झाली. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग मुलीला म्हणाली, "साखर नको घालू. गूळ घाल."

भट्टी घरात कुठली? जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवली, आत तिवई ठेवली, तिच्यावर ताटली. ओट कोरडे भाजून अर्धे भरड वाटले. कणीक, तूप, बारीक चिरलेला गूळ, चिमूटभर सोडा, दुधाचा हात. जंगलातली चारोळी शेजारच्या अक्कांनी दिली. त्या अरिसेलु तळत होत्या, म्हणजे तेलुगू घरातले अनारसेच. झाकणावर निखारे. पहिली खेप खालून कोळसा झाली, ती आम्ही बापलेकींनी गुपचूप संपवली. दुसऱ्या खेपेला वाळू जाड पसरली, निखारे कमी केले. काढताना बिस्किटे मऊच असतात, निवली की घट्ट होतात. हे न कळल्याने मुलगी रडकुंडीला आली होती.

पहाटे आईने पहिले बिस्किट दिव्यापाशी ठेवले. कुणासाठी, ते तिने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. दुसरे दुधात बुडवून हळूहळू खाल्ले आणि हात पुढे केला.

"आणखी एक दे. गूळ जरा कमी पडलाय."