नाव कोणी लिहायचे?

अमरावती-अकोल्याकडील कोणत्याही शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आपण पाहिले, तर त्यात विद्यार्थ्याने स्वतःचे नाव स्वतः लिहिलेले नसते. मुख्याध्यापकांच्या अधिकाराने ते लिहिले जाते. संगणकावरील खात्यांचा इतिहासही असाच सुरू झाला. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत १९६१ साली एकाच संगणकावर अनेकांनी काम करण्याची पद्धत दाखवण्यात आली. तेथे खाते व्यवस्थापकांकडूनच मिळे.

पुढे वेब आले आणि ‘नवीन नोंदणी’चे दार सर्वांना खुले झाले. दुकानाला ते सोयीचे; मुलांच्या नोंदी ठेवणाऱ्या दप्तराला नव्हे. म्हणून संकेतस्थळे बांधण्याच्या तयार सांगाड्यांत, म्हणजे फ्रेमवर्कमध्ये, हे दार बंद ठेवण्याची सोय असते. २००५ साली खुल्या झालेल्या जँगोत नोंदणीचे पान मुळात नसतेच. हवे तर जोडावे लागते. लाराव्हेलच्या २०१८ च्या आवृत्तीपासून ते एका ओळीने बंद करता येते. नुसते बटण लपवून भागत नाही. पत्ता ठाऊक असणारा थेट त्या पानावर पोचतो. तो मार्गच काढून टाकावा लागतो.

महाराष्ट्रात २०१५ साली आलेल्या ‘सरल’ प्रणालीत शाळा आपल्या ११ अंकी यू-डायस क्रमांकाने प्रवेश करते. त्यातील २७ म्हणजे महाराष्ट्र. पुढचे ०५ म्हणजे अकोला, ०७ म्हणजे अमरावती. हा क्रमांक शाळा निवडत नाही, तिला तो मिळतो. मात्र तो गुप्त नसतो. म्हणून नोंदणीचे दार बंद असले, तरी परवलीचा शब्द टेबलाच्या काचेखाली ठेवला, तर मुलांच्या नोंदी उघड्यावरच राहतात.