अंगणांतील पाठशाळा

खेळ हा अभ्यासाचा वैरी आहे, ही समजूत आपल्या घरांतून फार जुनी आहे. मूल पाटीपुढें बसलें म्हणजे तें शिकतें आणि अंगणांत धांवलें म्हणजे वेळ दवडतें, असा आपला हिशेब. ह्या हिशेबांतील चूक महाराष्ट्रांत ज्या दोन स्त्रियांनीं प्रत्यक्ष कृतीनें दाखवून दिली, त्या ताराबाई मोडक व अनुताई वाघ.

१९२० सालीं भावनगर येथें गिजुभाई बधेका यांनीं बालमंदिर सुरू केलें आणि मादाम माँटेसरींच्या पद्धतीस देशी रूप दिलें. १९२३ सालीं ताराबाई तेथें गेल्या. १९२६ सालीं उभयतांच्या खटपटीनें नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढें दादरच्या शिशुविहारांतून हें शिक्षण मुंबईच्या सुशिक्षित कुटुंबांत रुजलें. परंतु माँटेसरीचीं साधनें मोलाचीं. तीं गरिबाच्या मुलाच्या हातीं कशीं पडावीं, हा प्रश्न उरलाच.

त्याचें उत्तर शोधण्यासाठीं १९४५ सालीं ताराबाईंनीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी गांवीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. बालविधवा असून स्वकष्टानें शिकलेल्या अनुताई त्यांना तेथेंच येऊन मिळाल्या. त्याच वर्षीं त्या भागांत वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव गोदावरीबाई परुळेकरांच्या पुढाकारानें झाला, एवढें सांगितलें म्हणजे तेथील दैन्याची कल्पना येते.

बालवाडी उघडली, पण गरीब वस्तींतील मुलें येईनात. तेव्हां बाईंनीं ठरविलें कीं, मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें त्याच्या दारीं जावें. वस्तीच्या अंगणांतच मुलांना स्वच्छ करावें, गाणीं म्हणावीं, गोष्टी सांगाव्या. शिंपले, बिया, पानें व खडे घेऊन खेळ मांडावे, असा क्रम सुरू झाला. बिया मोजतां मोजतां अंक कळतात, पानें निवडतां निवडतां आकार कळतो, आणि खर्च कांहींच नाहीं. हीच अंगणवाडी.

१९५७ सालीं हें कार्य डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें नवी अडचण उभी राहिली. वारल्याचें पोर दिवसभर गुरांमागें. गुरें सोडून तें शाळेंत आलें तर घरच्या भाकरीस मुकावें. न आलें तर जन्मभर निरक्षर राहावें. यास्तव गुरें चरतात त्या रानांतच शाळा भरूं लागली. तिचें नांव कुरणशाळा. तेथें झाड, ओढा व जनावर हींच पुस्तकाचीं पहिलीं पानें झालीं.

ताराबाई १९७३ सालीं वारल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना आरंभिली आणि तिच्या द्वारें अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

अर्थात् मुलांना मोकळें सोडलें कीं शिक्षण झालें, असें मात्र नाहीं. रत्नागिरीकडे अंगणास खळें म्हणतात. तेथें उन्हाळ्यांत मुलें काजूच्या बियांनीं खेळतात आणि जिंकल्या-हरल्याचा हिशेब चोख ठेवतात. त्यांतलाच एखादा मुलगा वर्गांत वजाबाकीला अडतो. खळ्यांतल्या वजाबाकीशीं पाटीवरच्या वजाबाकीची गांठ घालून देणें, हें शिक्षकाचें काम. त्याला खेळ निवडावा लागतो, त्याचा क्रम लावावा लागतो आणि मुलाकडे लक्ष द्यावें लागतें. धडा पाठ करून घेण्यापेक्षां ह्यांत श्रम अधिक आहेत. कोसबाडच्या टेकडीवर ते कोणीतरी घेतले, म्हणून गुरांमागच्या पोरांना अक्षरओळख झाली.