विल्सनचा दगड आणि करमरकरांचा घोडा

भंडारदऱ्याला पावसाळ्यात गेला असाल तर धरणाची दगडी भिंत पाहिली असेल. रंधा फॉलचे फोटो काढले असतील, आणि गाइडने ‘विल्सन डॅम’ म्हटल्यावर हा विल्सन कोण, हा प्रश्न मनात येऊन गेलाही असेल. सर लेस्ली विल्सन, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर, १९२३ ते १९२८. प्रवरेवरच्या या धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १० डिसेंबर १९२६ ला विल्सनसाहेबांच्या हस्ते उद्घाटन झालं. धरणाला नाव मिळालं ते त्यांचंच.

याच गव्हर्नरने दीड वर्षाने, १६ जून १९२८ ला, पुण्यात आणखी एका गोष्टीचं अनावरण केलं. शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचा जो ब्रॉन्झचा पुतळा आहे, ती गोष्ट. (शाळा नंतरची आहे, पुतळा आधीचा.) शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर, अलिबागजवळच्या सासवण्याचे.

धरणापासून सुरुवात केली ती मुद्दाम. सार्वजनिक वास्तू असो वा पुतळा, आपण पहिल्यांदा वाचतो ती कोनशिला. आणि कोनशिला सांगते उद्घाटन कोणी केलं ते, बनवलं कोणी ते नव्हे. शिल्पकलेच्या इतिहासावर संशोधन करायचं म्हणजे बराचसा वेळ या कोनशिलेच्या मागे जाण्यात जातो. करमरकरांच्या उदाहरणावरून ते कसं करता येईल, ते बघू.

आधी चरित्र. जन्म १८९१, सासवणे. घरात गणपतीच्या मूर्ती करण्याची परंपरा. कुठल्याही लेखात पुढची गोष्ट तुम्हाला सापडेलच: लहानग्या विनायकाने गावातल्या देवळाच्या भिंतीवर घोड्यावरच्या शिवाजी महाराजांचं चित्र काढलं, फिरतीवर आलेल्या कलेक्टर ऑटो रॉथफील्डच्या नजरेला ते पडलं, आणि त्याने मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडलं. गोष्ट सुंदर आहे. मुलाने काढलेला घोडा आणि पुढे ओतलेला घोडा, वर्तुळ पूर्ण! इथेच थांबा. इतकी सुबक गोष्ट समोर आली की संशोधकाने दोनदा बघावं.

कारण अशी गोष्ट जगभर सांगितली जाते. इटलीत जॉत्तो नावाचा मेंढपाळ मुलगा दगडावर मेंढीचं चित्र काढत होता आणि जाणाऱ्या चिमाबुएने त्याला शिष्य केलं, असं वासारी लिहून गेला. १९३४ मध्ये व्हिएन्नात एर्न्स्ट क्रिस आणि ऑटो कुर्झ यांनी एक पुस्तकच लिहिलं, की कलावंतांच्या चरित्रांत असे ठरलेले साचे पुन्हा पुन्हा येतात. मग आपली गोष्ट खोटी समजायची का? नाही. साचा ओळखीचा आहे म्हणून घटना घडलीच नाही, असं होत नाही. आजूबाजूचे धागे तपासायचे. रॉथफील्ड हा खरा आय.सी.एस. अधिकारी. भारतातल्या स्त्रियांवर त्याने लिहिलेल्या पुस्तकाची चित्रं एम. व्ही. धुरंधरांची आहेत, आणि धुरंधर जे. जे. मध्ये शिकवत. म्हणजे या माणसाला चित्रांत रस होता आणि जे. जे. च्या वर्तुळात त्याची ओळख होती. यातून भिंतीवरचं चित्र सिद्ध होत नाही, पण मदतीची गोष्ट भक्कम होते. प्रबंधात लिहिताना हा फरक शब्दांत दिसला पाहिजे. ‘घडलं’ आणि ‘घडलं असण्याला आधार आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आपल्याकडे पहिलंच जास्त लिहिलं जातं.

जे. जे. नंतर करमरकर कलकत्त्याला गेले, तिथे सुरेंद्रनाथ टागोरांचा आधार मिळाला, स्टुडिओ चालला. १९२० मध्ये लंडनला रॉयल अकॅडमीत शिक्षणासाठी. हा भाग सगळीकडे नीट नोंदलेला आहे, इथे थांबत नाही.

आता पुतळा. मूळ योजना कोल्हापूरच्या शाहू महाराजांची. १९ नोव्हेंबर १९२१ ला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढच्याच मे महिन्यात शाहू महाराज गेले. काम पुढे नेलं राजाराम महाराजांनी. तारखा एका ओळीत मांडून बघा: पायाभरणीला इंग्लंडचा युवराज, अनावरणाला इंग्रज गव्हर्नर, आणि मध्ये उभा स्वराज्याचा संस्थापक. १९२० च्या दशकात शिवाजी महाराज कोणाचे, यावर मोठी ओढाताण चालू होती. टिळकांचा उत्सव एकीकडे, सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीचा शिवाजी दुसरीकडे, आणि पहिल्या महायुद्धातल्या मराठा शिपायांच्या शौर्याचा उल्लेख करत त्यांना राजनिष्ठेच्या चौकटीत बसवू पाहणारं सरकार तिसरीकडे. हा पुतळा या तिघांच्या मध्ये उभा आहे. त्यामुळे ‘करमरकरांची शैली’ असं प्रकरण लिहायला घ्याल तर आधी विचारा, यातलं किती करमरकरांचं आणि किती मागणाऱ्यांचं?

आणि किती ओतणाऱ्यांचं! याकडे आपलं अजिबात लक्ष जात नाही. शिल्पकार काम करतो मातीत. लोखंडी सांगाड्यावर माती चढते, त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यातून प्लास्टरची प्रत. ब्रॉन्झ येतो तो ओतशाळेत. आतून पोकळी राहावी म्हणून गाभा बसवायचा, रस वाहायला वाटा ठेवायच्या, हवा बाहेर पडायला नळ्या. हजार अंशांच्या आसपास तापलेला रस मध्येच कुठे थिजला तर महिन्यांचं काम वाया. म्हणून मोठे पुतळे बहुधा तुकड्यांत ओततात आणि मग जोडतात. करमरकरांचा हा पुतळा, साडेतेरा फूट उंच आणि आठ टनांच्या आसपास, माझगावच्या कारखान्यात एकसंध ओतला गेला, आणि रेल्वेने घाट चढून पुण्याला आला. गोदी, आगबोटी आणि गिरण्यांची यंत्रं यांच्यामुळे मुंबईत धातू ओतणारे हात तयार होते, म्हणून हे जमलं. भंडारदऱ्याच्या भिंतीतला दगड घडवणारे आणि माझगावला रस ओतणारे, दोघांचीही गाठ कोनशिलेवर पडत नाही. कारखान्यांचे हिशेब, बंदराचे आणि रेल्वेचे कागद, अशा ठिकाणी शोधायची ही माणसं. कलेच्या इतिहासाचा विद्यार्थी तिकडे सहसा फिरकत नाही, ही माझी तक्रार आहे.

जाता जाता: या पुतळ्याला ‘जगातला पहिला अश्वारूढ शिवपुतळा’ म्हणतात. असेलही. पण ‘पहिला’ हा शब्द प्रबंधात टाकण्याआधी त्याआधीचे छोटे, प्लास्टरचे, संस्थानिकांच्या वाड्यांतले पुतळे तपासलेत का, असं गाइड विचारतीलच.

शेवटी, सासवणे. फक्त ब्रॉन्झची यादी केली तर करमरकर म्हणजे राजे, पुढारी आणि धनिक यांचे शिल्पकार, असं चित्र उभं राहतं. कारण ब्रॉन्झ महाग. पैसे देणारा असल्याशिवाय ते होत नाही. गावच्या घरी मात्र त्यांनी सिमेंटमध्ये काम केलं, आणि तिथे दिसतात कोळीण, गावातली माणसं, कुत्रा, अंगणात बसलेली म्हैस. कोणी मागवलेलं नाही, कोणी अनावरण केलेलं नाही. माध्यम बदललं की गिऱ्हाईक बदलतं, आणि गिऱ्हाईक नसलं की विषय बदलतो. एकाच माणसाच्या कामाचे हे दोन ढीग शेजारी ठेवले तर माझ्या मते प्रबंधाचा खरा प्रश्न तिथे आहे. १९६७ मध्ये ते गेले, पण हे घर कुटुंबाने संग्रहालय म्हणून जपलं आहे. मुंबईहून मांडव्याला बोटीने उतरलात की सासवणे जवळच. जाताना मोजपट्टी आणि वही न्या, फोटो काढण्याआधी परवानगी विचारा, आणि म्हशीभोवती एक पूर्ण फेरी मारा. तिची पाठ समोरच्या बाजूइतकीच नीट केलेली आहे.