जूलचे पाणी आणि शाळेचा जनरेटर

तारेतील उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण वर्गात शिकवतो. स्नेहसंमेलनात जनरेटरवर आणखी एक हॅलोजन लावताना मात्र विसरतो. इंग्लंडमधील जेम्स जूलने हा नियम १८४१ मध्ये मांडला. तारेचे वेटोळे पाण्यात बुडवून, त्यातून धारा सोडून पाणी किती तापते ते त्याने मोजले. धारा दुप्पट, तर उष्णता चौपट! म्हणजेच दीडपट भाराने वायर सव्वादोनपट उष्णता सोसते. आवरण वितळून आगही लागू शकते.

म्हणून आधी वॅटची बेरीज करू. २००० वॅटच्या जनरेटरवर ५०० वॅटचे तीनच हॅलोजन लावू. मोटर सुरू होताना क्षणभर कित्येक पट धारा ओढते, हेही ध्यानात ठेवू. ही बेरीज विद्यार्थ्यांकडूनच करवून घेऊ या.