ज्वारी, तूर आणि गरिबाचं ताट



महिला मंडळात आहाराचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. कमी पैशांत पौष्टिक खाता येतं का? उत्तरही लगेच मिळतं, "येतं की! डाळ, भाकरी, पालेभाजी आणि मूठभर शेंगदाणे. त्यात न परवडण्यासारखं काय आहे?" या उत्तरात तथ्य आहे. आपल्या नांदेड-लातूर भागात हेच ताट पिढ्यान्‌पिढ्या गरिबाचं होतं. पण मग आज आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या डब्यात डाळ का नसते? तिला कळत नाही म्हणून? की तिच्या ताटातून ती कुणी काढून घेतली? हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

शेतातून थेट चुलीपर्यंत

नांदेड आणि लातूर दोन्ही निजामाच्या राज्यात होते. लातूर तर 16 ऑगस्ट 1982 पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता. या काळ्या जमिनीत जोंधळा हे मुख्य पीक. खरिपाच्या ज्वारीत अधूनमधून तुरीच्या ओळी, सोबत मूग आणि उडीद, कडेनं अंबाडी. रब्बीत शाळू, हरभरा आणि करडई. म्हणजे एकाच रानातून भाकरी, डाळ, भाजी आणि तेल घरी येई, वर जनावरांना कडबा मिळे.

शेतमजुराला मजुरी बऱ्याचदा धान्यातच मिळायची. सालगड्याचा करार होतानाच वर्षाची ज्वारी ठरायची. तांदुळजा, घोळ, चिवळ, पाथरी या भाज्या बांधावर आणि पिकात आपोआप उगवायच्या. खुरपायला गेलेली बाई संध्याकाळी ओट्यात भाजी घेऊनच परतायची. अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या हा आपल्याकडे आजही आवडीनं केला जाणारा पदार्थ मुळात याच बायांचा. हे जेवण स्वस्त होतं, कारण त्यातला मोठा भाग दुकानातून येतच नव्हता.

म्हणून तो काळ सुखाचा होता असं नाही. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला उरेल तेच यायचं. आणि पाऊस चुकला की सगळंच ताट एकदम रिकामं व्हायचं.

दुष्काळाच्या आठवणी

दुष्काळ आपल्या धर्मकथेतही आहे. उत्तरेत बारा वर्षांचा दुष्काळ पडणार हे जाणून आचार्य भद्रबाहू संघासह दक्षिणेकडे आले आणि श्रवणबेळगोळ येथे त्यांनी सल्लेखना घेतली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्यात एक साधी व्यवहाराची गोष्टही आहे. श्रावकाच्या चुलीवर काही असेल तरच मुनींचा आहार होतो. गावच उपाशी असेल तर चौका कोण लावणार? राजस्थानातून इकडे आलेल्या घरांमध्ये संवत 1956 च्या, म्हणजे इसवी सन 1899-1900 च्या 'छप्पनिया' दुष्काळाच्या गोष्टीही सांगितल्या जात.

आपल्या आई-सासूच्या पिढीला आठवतो तो 1972 चा दुष्काळ. आधीची दोन वर्षं पाऊस कमी झाला होताच, त्या वर्षी तो पार गेला. जुनी माणसं सांगतात, तेव्हा पिण्याला कुठे ना कुठे पाणी मिळे, पण धान्य नव्हतं. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणं अशा कामांवर गावंच्या गावं गेली. कामावर सुकडी वाटली जाई. रेशनला अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी नीट थापली जात नसे, पण पोटात काहीतरी पडे.

या दुष्काळाचा अभ्यास अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी केला आहे. पीक इतकं बुडूनही भूकबळींची लाट आली नाही. त्याचं मोठं श्रेय ते रोजगाराच्या कामांना देतात. लोकांच्या हातात मजुरी होती, म्हणून बाहेरून आलेलं धान्य ते विकत घेऊ शकले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा 1977 मध्ये झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. त्या वर्षांनी एक गोष्ट कायमची शिकवली. पीक गेलं तरी मजुरी असेल तर माणूस जगतो. पण पोट भरणं आणि पोसलं जाणं यात फरक आहे. मजुरीतून आधी धान्य येतं आणि डाळीचा नंबर नंतर लागतो.

ज्वारी गेली, सोयाबीन आलं

1964 मध्ये संकरित ज्वारीचं सीएसएच-1 हे पहिलं वाण आलं. उत्पन्न वाढलं. पण खरिपाची ही ज्वारी कापणीच्या वेळच्या पावसात सापडली की काळी पडे. तिला भाव नसे आणि चवही नसे. "हायब्रीडची भाकरी" म्हणजे गडीमाणसांची भाकरी, असा शब्द तेव्हा रूढ झाला. ज्याला परवडे तो शाळू खाई, आणि आणखी परवडू लागलं की गव्हाची पोळी. पोळी ही प्रतिष्ठा झाली.

मग सोयाबीन आलं, आणि गेल्या दोन-तीन दशकांत त्यानं आपला खरीप व्यापला. शेतकऱ्याचं यात काही चुकलं असं मी म्हणणार नाही. साधारण शंभर दिवसांत पीक हातात येतं, पाखरं राखावी लागत नाहीत, दिवाळीच्या सुमारास रोकड मिळते. पण सोयाबीन आपल्या चुलीवर शिजत नाही. त्याचं तेल निघतं आणि पेंड कोंबड्या-जनावरांच्या खाद्याला जाते. शंभर ग्रॅममध्ये 36 ग्रॅमच्या वर प्रथिनं असलेलं पीक दारात उगवतं, आणि ते पिकवणाऱ्या घरातली बाई रक्तक्षयानं थकलेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला.

ज्वारीबरोबर मूग-उडदाचं क्षेत्र आटलं. तणनाशकानं तांदुळजा आणि घोळही गेले. घाण्याच्या करडई तेलाची जागा पिशवीतल्या तेलानं घेतली. शेतातून फुकट येणारी एकेक गोष्ट दुकानात गेली.

सरकारी ताटातला बदल

1995 मध्ये राज्य सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली. त्या ताटात धान्य होतं आणि हरभऱ्याचं बेसन होतं, म्हणजे भाकरीबरोबर डाळही होती. ती केंद्रं काही वर्षांत बंद पडली. 26 जानेवारी 2020 ला शिवभोजन थाळी आली. दहा रुपयांत दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 100 ग्रॅम वरण आणि 150 ग्रॅम भात. पंचवीस वर्षांत सरकारच्या हिशेबातही गरिबाची भाकरी जाऊन चपाती-भात आले.

यामागे रेशन आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्य एक रुपया, गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो होते. कागदावर ज्वारी सर्वांत स्वस्त होती, पण दुकानात मिळे गहू आणि तांदूळ. जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत झालं. उलट 2023-24 साठी संकरित ज्वारीचा हमीभावच क्विंटलला 3,180 रुपये होता, म्हणजे शेतातच जवळपास 32 रुपये किलो. फुकटचा गहू-तांदूळ सोडून गरीब बाईनं ज्वारी विकत का घ्यावी? ज्या भाकरीला "गड्याची" म्हणून नाक मुरडलं, ती आज मधुमेहाच्या पथ्यासाठी आपण घेतो, आणि गड्याला ती परवडत नाही.

डाळ: आपल्या बाजाराची गोष्ट

लातूरची तूरडाळ देशभर जाते. आडत, डाळ मिल आणि किराणा यांत आपल्या समाजातली कित्येक घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, म्हणून हा भाग आपण जास्त मोकळेपणानं बोलायला हवा.

तूर निघते पौष-माघात. नवी तूर बाजारात आली की भाव उतरतो. आपल्या घरी तेव्हाच वर्षाची तूर भरायची पद्धत होती. तेल-पाणी लावून, वाळवून, जात्यावर भरडून डाळ करायची आणि डब्यात लिंबाचा पाला घालून ठेवायची. चातुर्मासात पालेभाजी नाही, कंदमूळ तर कधीच नाही, म्हणून मुगाच्या वड्या, सांडगे, पापड उन्हाळ्यातच तयार असत. पिठाची पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवसांची मर्यादाही त्याच जपणुकीचा भाग. या शहाणपणानं आपली घरं स्वस्तात नीट जेवली. पण त्यासाठी एक गोष्ट लागते, माघात एकरकमी पैसा. रोजंदारीवरची बाई पावशेरानं डाळ घेते. ती आश्विन-कार्तिकातही घेते, जेव्हा भाव चढलेला असतो. म्हणजे तीच डाळ तिला आपल्यापेक्षा महाग पडते.

ऑक्टोबर 2015 आठवा. दुष्काळाचं दुसरं वर्ष. तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली होती. सरकारनं साठ्यावर मर्यादा घातल्या, छापे पडले. मिलमध्ये डाळ निवडणाऱ्या बायांना दिवसभर हाताखालून जाणारी डाळ घरी नेणं परवडत नव्हतं. पुढच्या हंगामात तूर एवढी पिकली की भाव 5,050 च्या हमीभावाखाली कोसळला आणि 2017 च्या उन्हाळ्यात खरेदी केंद्रांवर शेतकरी रांगेत बसले. एका वर्षी खाणारा रडला आणि दुसऱ्या वर्षी पिकवणारा.

आपल्या परंपरेनं लक्षात ठेवलेला व्यापारी कोण? तेराव्या शतकातला कच्छ-भद्रेश्वरचा जगडूशाह. कथेनुसार दुष्काळ येणार हे कळल्यावर त्यानं कोठारं भरली, आणि त्यात "हे धान्य गरिबांसाठी" असं लिहिलेले ताम्रपट ठेवले. साठा त्यानंही केला होता. पण भाव चढल्यावर त्यानं तो विकला नाही, वाटला.

हिशेब मांडून पाहू

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये दिलेल्या आहारात एका माणसाला रोज 85 ग्रॅम डाळी, 400 ग्रॅम भाज्या आणि 300 मिलिलिटर दूध सांगितलं आहे. लहानमोठी चार माणसं ढोबळमानानं सारखी धरू. महिन्याला सुमारे 10 किलो डाळ, 48 किलो भाजी आणि 36 लिटर दूध लागेल. डाळ 100, भाजी 40 आणि दूध 50 रुपये, असे हात राखून भाव धरले तरी 4,700 रुपयांच्या वर जातात. यात तेल, शेंगदाणे, फळं आणि गॅस नाही. रोजगार हमीची 2024-25 ची मजुरी होती दिवसाला 297 रुपये. म्हणजे फक्त एवढ्यासाठी महिन्याची सोळा दिवसांची मजुरी लागते. केंद्राची हमी वर्षाला शंभर दिवसांची, म्हणजे महिन्याला आठ-नऊ दिवसांची होती.

तेव्हा प्रश्नाचं उत्तर दोन भागांत द्यावं लागतं. पोट भरणं आज परवडतं, आणि रेशनमुळे ते 1972 पेक्षा खूप बरं आहे. पण डाळ, भाजी आणि दूध परवडत नाही. हा त्या बाईच्या अडाणीपणाचा प्रश्न नाही. तिच्या आजीला जे शेतातून मिळत होतं, ते तिला विकत घ्यावं लागतं, एवढाच फरक आहे.

यात आपली माणसंही आहेत. जैन म्हणजे श्रीमंत असं लोक समजतात, आणि आपणही समजतो. पण छोटी टपरी चालवणारं घर, एकटी विधवा, मंदिरात सेवा करणारं कुटुंब आपल्या प्रत्येक गावात आहे. इतर गरीब घरं कांदा-बटाट्यावर दिवस काढतात, अंड्याचा आधार घेतात. आपलं साधर्मी घर ते करत नाही. त्याच्याकडे प्रथिनांसाठी डाळ आणि दूध एवढंच असतं. डाळ महागली की सगळ्यात आधी त्यांचं वरण पातळ होतं, आणि ते कुणाला सांगतही नाहीत. ऊनोदर हे तप आहे, पण भरलेल्या ताटासमोर स्वतःहून कमी जेवणाऱ्याचं. ताटात मुळातच कमी असेल तर त्याला तप म्हणता येणार नाही.

म्हणून एक सुचवते. वात्सल्य हे सम्यक्त्वाचं एक अंग आहे. संक्रांतीनंतर नवी तूर येते तेव्हा मंडळानं एकत्र खरेदी करावी. ज्यांना एकरकमी जमत नाही अशा साधर्मी घरांना आणि आपल्याकडे काम करणाऱ्या बायांना ती त्याच भावानं, महिन्या-महिन्याच्या हप्त्यानं द्यावी. दान वाटू नये इतकी ती साधी असावी. पर्युषणात किंवा कुणाच्या स्मरणार्थ आपण साड्या आणि स्टीलची भांडी वाटतो. त्याऐवजी पाच किलो डाळ आणि दोन किलो शेंगदाणे दिले तर एका घराचं पंधरा दिवसांचं वरण घट्ट होईल. ज्यांच्या घरी आडत किंवा मिल आहे, त्यांनी घरातल्या पुरुषांशी एकदा एवढंच बोलावं की दिवाळीला निवडणाऱ्या बायांना मिठाईच्या डब्याबरोबर डाळही द्या.

नवी तूर यायला अजून वेळ आहे. तोवर आपापल्या गावातल्या घरांची यादी तरी करून ठेवू या.

जय जिनेंद्र.