मूक मोर्चे, एक व्यंगचित्र आणि मताच्या मर्यादा

महाराष्ट्रात काय बोलावे आणि काय छापावे याची मर्यादा कधी सरकारने आखली, तर कधी समाजाने. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याशी जोडलेल्या, शंभर वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन प्रकरणांत हे दोन्ही प्रकार दिसतात.

पहिले प्रकरण भाषणांचे. लोकमान्य टिळकांनी ३१ मे आणि १ जून १९१६ रोजी नगरमध्ये स्वराज्यावर भाषणे केली. ही दोन आणि त्याआधीचे बेळगावचे एक अशी तीन भाषणे राजद्रोही ठरवून त्यांच्याकडून वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी २०,००० रुपयांचा जातमुचलका व प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीन मागण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबर १९१६ रोजी हा आदेश रद्द केला.

राजद्रोहाचे कलम १२४-अ स्वातंत्र्यानंतरही टिकले. २०१२ मध्ये असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला मुंबईत त्याच कलमाखाली अटक झाली. पुढे तो आरोप मागे घेतला गेला आणि २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हिंसेची चिथावणी किंवा सार्वजनिक अशांतता माजवण्याचा हेतू नसेल, तर सरकारवरील जळजळीत टीकाही राजद्रोह ठरत नाही. सरकारी मर्यादा अशी सैल झाली. पुढच्याच वर्षी सामाजिक मर्यादेचा प्रश्न उभा राहिला.

१३ जुलै २०१६ रोजी नगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात कोपर्डी येथे एका अल्पवयीन मुलीवर बलात्कार करून तिची हत्या झाली. त्यानंतर राज्यभर मराठा समाजाचे मूक मोर्चे निघाले. घोषणा नाहीत, पुढाऱ्यांची भाषणे नाहीत, आघाडीवर मुली आणि स्त्रिया, अशी त्यांची शिस्त होती. आरोपींना फाशी, मराठा आरक्षण आणि ॲट्रॉसिटी कायद्यात बदल या प्रमुख मागण्या होत्या.

सप्टेंबरअखेर शिवसेनेचे मुखपत्र असलेल्या ‘सामना’ने या मोर्चांवर श्रीनिवास प्रभुदेसाई यांचे व्यंगचित्र छापले. त्यातला विनोद ‘मूक’ आणि ‘मुका’ या शब्दांच्या जवळिकीवर उभा होता. एका मुलीवरील अत्याचारातून उभ्या राहिलेल्या, स्त्रिया अग्रभागी असलेल्या मोर्चावर चुंबनाचा श्लेष अनेकांना स्त्रियांचा अपमान वाटला. नवी मुंबई आणि ठाण्यातील ‘सामना’च्या कार्यालयांवर हल्ले झाले. शिवसेनेच्या काही लोकप्रतिनिधींनी राजीनामे देऊ केले. व्यंगचित्रकाराने दिलगिरी व्यक्त केली आणि १ ऑक्टोबरला संपादक व पक्षप्रमुख उद्धव ठाकरे यांनी जाहीर माफी मागितली.

या घटनेला खास संदर्भ होता. शिवसेनेचे संस्थापक बाळासाहेब ठाकरे स्वतः व्यंगचित्रकार होते. त्यांनी १९६० मध्ये काढलेल्या ‘मार्मिक’ या साप्ताहिकाने शिवसेनेची जमीन तयार केली आणि तिखट रेषा हीच पक्षाची ओळख बनली. पण तेव्हा पक्ष सत्तेबाहेर होता. २०१६ मध्ये तो राज्य सरकारात सहभागी होता आणि दुखावलेला समाज त्याचाच मोठा मतदार होता. मोर्चातील मागण्यांवर, विशेषतः ॲट्रॉसिटी कायद्यातील बदलाच्या मागणीवर, दलित संघटनांचे गंभीर आक्षेप होते. त्या वादाला मात्र व्यंगचित्राने हात घातला नव्हता.

१९१६ मध्ये मर्यादेचा निवाडा न्यायालयात लागला होता. २०१६ मध्ये तो मतदारांनी आणि रस्त्यावरील रोषाने आठवडाभरात लावला, आणि त्यात संतप्त लोकांच्या निषेधाबरोबर दगडफेकीचाही वाटा होता.