गायराने आणि वनहक्क

१२. परभणी जिल्ह्यात वनखात्याचे जंगल नावापुरते. जिंतूरकडच्या डोंगरात काय ते थोडे. बाकी गुरे चरतात ती महसुली गायराने : मालकी सरकारची, वहिवाट गावाची. २००६च्या वनहक्क कायद्यान्वये गडचिरोलीच्या मेंढा-लेखा ग्रामसभेला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू कधी तोडायचा ते तीच ठरवते (२०११ पासून वाहतूक परवानाही तिचाच). गायरान वनजमीन नसल्याने ही वाट इकडे सहसा बंद. उलट १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून गायरान कसणाऱ्या दलित-आदिवासी भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे शासनाचे धोरण आहे. म्हणजे गावाची चराई आणि भूमिहीनाची भाकरी एकाच गटनंबरावर. लेखकाने याला निव्वळ वृक्षतोड म्हटले आहे, ते अपुरे वाटते. – संपा.